पहिला तास बाळाचा, तयारी सगळ्या घराची

आपल्या वस्तीत सुनेला सातवा महिना लागला की घर कामाला लागते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जातात, कुंची-टोपरी जमतात. डिंक, खारीक, खोबरे, अळीव आणून ठेवले जाते. माहेरी कधी पाठवायचे, रात्री-अपरात्री रिक्षा कुणाची सांगायची, हेही ठरते. पण जन्मलेल्या बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय जाणार, आईला त्या वेळी हाताखाली कोण असणार, याबद्दल कुणी बोलत नाही. "दूध काय, ते आपसूक येतंय की" असे म्हणून विषय मिटतो.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे 95 बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. मात्र जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळाले ते सुमारे निम्म्याच बाळांना. म्हणजे आपण दवाखान्यापर्यंत पोचलो, पण बाळ आईच्या छातीपर्यंत वेळेत पोचत नाही. ही उणीव भरून काढायला पैसा फारसा लागत नाही. आधी माहिती घ्यावी लागते आणि घरातल्या सगळ्यांचे एकमत व्हावे लागते.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये काय मागितले?

बाळाचा मृत्यू म्हणजे काय, हे बाबासाहेब आणि माता रमाई यांना चार वेळा सोसावे लागले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची अपत्ये लहानपणीच गेली. 1926 साली राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी आपले मन मोकळे केले ते कोल्हापूरच्याच दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात.

त्यानंतर दोन वर्षांनी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामकरी बाईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, त्या खर्चाचा भार सरकारने आणि मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे 1961 चा देशव्यापी कायदा आला आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली.

बाळंतिणीचा विसावा ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नसून तो तिचा हक्क आहे, हा या सगळ्याचा अर्थ. तो हक्क जसा कारखान्यात आहे, तसाच आपल्या घरातही असला पाहिजे.

खरवस आवडीने खातो, मग आईचा चीक का टाकतो?

कोल्हापूरला दुधाचे कौतुक सांगायला नको. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला लोक लांबून येतात. म्हैस व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. पण आईचा तोच घट्ट, पिवळसर चीक "खराब दूध" म्हणून अजूनही काही घरांत पिळून टाकला जातो आणि बाळाला मध, साखरपाणी नाहीतर गुटी चाटवली जाते.

चीक ही बाळाची पहिली लसच आहे. रोगांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. तो थोडाच येतो, कारण बाळाची गरजही तेवढीच असते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी साधारण चमचाभर चीक पुरतो. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत "हिला दूधच नाही" असा निकाल देऊन वरचे दूध सुरू करू नका.

मध एक वर्षापर्यंत अजिबात देऊ नये. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. गुटी उगाळण्याची सहाण, पाणी, बोट यांतून हगवणीचे जंतू पोटात जातात. म्हशीचे दूध रेडकासाठी असते; तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला ते जड जाते आणि पाणी घालून पातळ केले तर बाळ उपाशी राहते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही पाणी नको, कारण आईच्या दुधात शंभरातले सुमारे 88 भाग पाणीच असते. डॉक्टरांनी दिलेली औषधे, थेंब आणि लसी मात्र द्यायच्या.

"आमच्या आज्जीच्या काळापासून चालत आलंय" असे कुणी म्हणाले तर वाद घालत बसू नका. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, तपासून बघा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पाचवीला सटवाईची पूजा आपण सोडली. चीक टाकण्याची आणि मध चाटवण्याची रीतही तिच्यासोबत सोडून देऊ या.

बाळंतपणाआधी काय करायचे?

पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी ठिकाणी गरोदर बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे आणि 7 च्या खाली असेल तर ते धोक्याचे आहे. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्यायची. ती चहासोबत घेऊ नये. शौचाला काळे होते म्हणून बंद करू नये.

मशेरीबद्दल स्पष्टच सांगतो. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून तीन-चार वेळा लावलेली मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. पाचवे शील आपण वंदनेला म्हणतो. ते गरोदरपणात मशेरीच्या डबीलाही लागू करावे. नवऱ्यानेही घरात विडी-सिगारेट ओढू नये.

सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावे. स्तनाग्र आत ओढलेले असेल, आधीच्या वेळी दूध पाजताना त्रास झाला असेल, स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा एचआयव्ही, क्षयासारखा आजार असेल तर तेव्हाच डॉक्टरांना सांगा. यातल्या बहुतेक आयांना सल्ला घेऊन दूध पाजता येते.

बाळंतपण सीपीआरमध्ये होणार असो, महापालिकेच्या सावित्रीबाई फुले किंवा पंचगंगा रुग्णालयात असो, की खासगी दवाखान्यात, सिस्टरना आधीच सांगून ठेवा: "बाळ लगेच माझ्या छातीवर द्या, आणि आम्हाला विचारल्याशिवाय वरचं दूध देऊ नका." नाळ कापली, बाळ पुसले की ते आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि वरून दोघांवर पांघरूण घालायचे. त्याने बाळाला ऊब मिळते आणि ते स्वतःच दूध शोधू लागते. सिझेरियन झाले तरी आई शुद्धीवर असेल आणि बाळ ठीक असेल, तर हे लवकर करता येते. फक्त बाळ धरायला कुणीतरी जवळ हवे.

"दूध पुरंना" म्हणजे नेमके काय?

वस्तीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. दूध तयार होते ते बाळाच्या ओढण्याने. बाळ जेवढे ओढेल तेवढे दूध तयार होते. वरचे दूध दिले की बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी होते, म्हणून आणखी वरचे दूध द्यावे लागते. अशा रीतीने आईचे दूध तुटते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खावेत. त्याने आईच्या अंगी ताकद येते. पण बाळाला दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजल्याशिवाय दूध वाढत नाही. रात्रीचे पाजणे तर चुकवूच नये.

दुसरी गोष्ट पकडीची. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्रासोबत भोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात असावा. फक्त बोंडी चोखली तर आईला दुखते, भेगा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. दुखत असेल तर तोंडाच्या कोपऱ्यात बोट घालून बाळाला हळूच सोडवा आणि पुन्हा लावा. भेगांवर आईच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या. छाती दगडासारखी घट्ट झाली तर पाजण्याआधी कोमट पाण्याने शेकून हाताने थोडे दूध काढा. लाल गाठ आणि ताप आला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणे थांबवू नका.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून निदान सहा वेळा लघवी करते का, ते बघा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मावेळच्या वजनाला परत आले पाहिजे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवा आणि वजन करून घ्या.

नवऱ्याचे आणि सासूचे काम

दूध आई पाजते, पण बाकी सगळे दुसऱ्याला करता येते. पाणी भरणे, धुणे, मोठ्या लेकराला शाळेत सोडणे, रात्री बाळाचे लंगोट बदलणे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, ही नवऱ्याची कामे. सून पाजायला बसली की तिला तांब्याभर पाणी आणि दोन घास आणून देणे, आल्या-गेल्या बायकांनी "हिला दूध दिसत न्हाई" म्हटले की त्यांना गप्प करणे, हे सासूबाईंचे काम. आत्ती ठाम उभ्या राहिल्या की सुनेला धीर येतो. बाळंतीण सारखी रडत असेल, झोपत नसेल, तिला कशातच गोडी वाटत नसेल तर "थेरं करते" म्हणू नका. तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

कामावर परतताना

26 आठवड्यांची रजा आणि बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, हा हक्क दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मिळतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्या बायकांनीही तो मागावा. पण धुणी-भांडी करणारी, बांधकामावर जाणारी, भंगार वेचणारी आपली बहीण अजून या रजेच्या बाहेरच आहे. बाबासाहेबांनी सुरू केलेले काम इथे अर्धे राहिले आहे, आणि ते पुढे नेण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर एक उपाय हाताशी आहे. हात साबणाने धुऊन स्वच्छ, उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवा. सावलीत, थंड जागी ते चार तास चांगले राहते. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटली नको. आगीवर तापवायचे नाही, कोमट पाण्यात भांडे ठेवायचे.

पावडरच्या डब्याची जाहिरात करणे, आईला फुकट नमुना देणे हे 1992 च्या कायद्याने बंद आहे. कुणी असा डबा दिला तर घेऊ नका. डॉक्टरांनी खरेच गरज म्हणून लिहून दिला असेल, तर त्या आईला दोष देऊ नका. मात्र डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त, असे कधीही करू नका.

कमी दिवसांचे बाळ काचेत ठेवले असेल तर आईने दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी. स्वतःच्या आईचे दूध मिळत नसेल तर दुसऱ्या आईचे तपासलेले दूध त्यांना मिळावे, हा तिचा हेतू.

पैसे आणि कागद

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि 102 ची गाडी मोफत आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये मिळतात. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या आईला शहरात 600, ग्रामीण भागात 700 रुपये मिळतात. आधार कार्ड, बँक पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड आणि जातीचा दाखला सातव्या महिन्यातच एका पिशवीत ठेवा.

लगेच दवाखाना गाठा

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, श्वास जोरात चालत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, लघवी कमी झाली असेल तर थांबू नका. आईला जास्त रक्तस्राव, ताप, फार डोकेदुखी किंवा झटके आले तरी तसेच. 108 ला फोन करा.

शेवटी विहारांच्या महिला मंडळांना एक विनंती. सिद्धार्थनगर असो, सदर बाजार असो की राजेंद्रनगर, महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास गरोदर सुना, त्यांचे नवरे आणि सासवा यांना एकत्र बसवा. आशाताईंना बोलवा. जिने स्वतः सहा महिने नुसते अंगावर पाजले, अशा वस्तीतल्याच एका आईला बोलायला सांगा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिचे ऐकून आणि पाहून बायका लवकर शिकतात. येत्या रविवारी आपल्या गल्लीत कुणाला कितवा महिना आहे, एवढी यादी करा. मग बैठक कधी घ्यायची, ते आपोआप ठरेल.

जयभीम!