हुबेहूब प्रतिकृति, पण कोणत्या दिवसाची?

आगगाडीच्या एंजिनाची लहानशी प्रतिकृति करणें हा केवळ मुलांचा खेळ नव्हे. मोठमोठीं माणसें त्यांत वर्षेंच्या वर्षें घालवितात. मूळ एंजिन जपून ठेवलेलें असलें म्हणजे हें काम सोपें, असें कोणालाहि वाटेल. मोजपट्टी घेऊन जावें, मापें घ्यावीं आणि कामास लागावें! परंतु, श्रोतेहो, जपलेलें एंजिन हा प्रामाणिक असला तरी वृद्ध साक्षीदार आहे. अनेक वर्षांच्या हकीकती तो एकदमच सांगतो. त्याची उलटतपासणी कशी करावी, हें एका उदाहरणानें पाहूं.

इंग्लंडांत ‘डेल्टिक’ या नांवाचीं डीझेल एंजिनें प्रसिद्ध आहेत. १९५५ सालीं त्यांचा पहिला नमुना तयार झाला. १९६१-६२ मध्यें व्हल्कन फाउंड्रींत २२ एंजिनें बांधलीं गेलीं. प्रत्येकाच्या पोटांत नेपियरचीं दोन यंत्रें, दोहोंची मिळून शक्ति ३,३०० अश्वांची, आणि वेग ताशीं १०० मैल. कांहींना पलटणींचीं नांवें दिलीं, कांहींना शर्यतीच्या घोड्यांचीं. १९८२ च्या जानेवारींत त्यांची रेल्वेची चाकरी संपली. पहिल्या नमुन्याखेरीज सहा एंजिनें उरलीं. सोळा मोडीत गेलीं.

आतां मापांचा प्रश्न घेऊं. इंग्लंडांत रूढ असलेल्या प्रमाणांत एका फुटास चार मिलिमीटर धरतात. डेल्टिकची लांबी ६९ फूट ६ इंच; म्हणजे प्रतिकृति २७८ मिलिमीटर. एका इंचाची चूक तेथें मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होते. लांबींत ती कोणास दिसणार नाहीं. पण चालकाच्या खिडकींत झाली, तर एंजिनाचा चेहराच बदलतो. शिवाय या प्रमाणानें रुळांतील अंतर जवळजवळ १९ मिलिमीटर हवें, तें प्रचारांत साडेसोळाच असतें. अशी तडजोड करणें हा दोष नव्हे. ती न कळतां करणें हा दोष होय.

मापांहून कठीण प्रश्न काळाचा. डेल्टिक प्रथम दोन छटांच्या हिरव्या रंगांत आलें. पुढें तोंडावर पिवळा चौकोन आला. नंतर सबंध अंग निळें आणि तोंड पिवळें झालें. निर्वात ब्रेकांच्या जोडीला हवेच्या दाबाचे ब्रेक आले, डबे विजेनें तापविण्याची सोय झाली, आणि बफरांजवळच्या नळ्या व जोडण्या वाढल्या. १९७३-७४ च्या सुमारास क्रमांक बदलले. १९७९ मध्यें लंडनच्या फिन्सबरी पार्क आगारांतील एंजिनांच्या खिडक्यांभोंवतीं पांढरी कड उमटली. दुरुस्तीच्या सोयीसाठीं आंतील यंत्रेंहि एकाचीं दुसऱ्यांत जात.

यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाच्या मालकीच्या ‘किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फन्ट्री’ या एंजिनाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. डी ९००२ या क्रमांकानें तें सेवेंत आलें. निवृत्तीच्या आधीं, १९८० च्या डिसेंबरांत, त्यास पुन्हां हिरवा रंग दिला गेला. परंतु रंग मागें गेला म्हणून मधल्या वीस वर्षांचे फेरफार पुसले जात नाहींत. हा हिरवा रंग पाहून जो १९६१ सालची प्रतिकृति करील, तो तरुणाचा अंगरखा पन्नाशीच्या देहावर चढवील!

म्हणून प्रथम एंजिनाचा क्रमांक व दिवस ठरवावा. नंतर कारखान्याचे नकाशे पाहावे; पण नकाशा संकल्प सांगतो, प्रत्यक्ष घडलेलें सांगेलच असें नाहीं. त्यास तारीखवार छायाचित्रांची जोड हवी, आणि तींहि दोन्ही बाजूंचीं, कारण एक बाजू पाहून दुसरी गृहीत धरतां येत नाहीं. छपराचें चित्र एखाद्या पुलावरून घेतलेलें मिळालें, तर तें सोन्याच्या मोलाचें. एवढें झाल्यावरच संग्रहालयाच्या परवानगीनें एंजिनाशीं जावें, खुणांची काठी शेजारीं उभी करून समोरून छायाचित्रें घ्यावीं, आणि कोणता पत्रा मूळचा व कोणता जीर्णोद्धाराचा, हें तेथील जाणत्यांस विचारावें.

आपल्याकडे एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मागाहून शिरलेले पाठ निवडून काढून. येथें कामाची रीत तीच. पोथीच्या जागीं लोखंड आहे, इतकेंच.

या खटाटोपाचें मोल त्या सोळा एंजिनांकडे पाहिल्यावर कळतें. ‘मेल्ड’, ‘पिंझा’, ‘क्रेपेलो’ यांचा देह आतां कोठेंहि नाहीं. भावंडांचीं मापें आणि त्यांचीं स्वतःचीं छायाचित्रें एवढ्यावरच त्यांना पुन्हां आकार देतां येतो. उद्यां कोणी अशा प्रतिकृतीलाच पुरावा मानील. तेव्हां तिच्या तळाशीं क्रमांक, वर्ष आणि अनुमानानें केलेले भाग लिहून ठेवावे. साक्ष देणाऱ्यानें आपण काय पाहिलें आणि काय ताडलें, हें वेगवेगळें सांगावें, हाच न्याय येथेंहि लागू आहे.