पाय काही झोपू देईनात

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू होते. धड दुखणं नाही, पेटकाही नाही. पाय हलवले की बरं वाटतं, थांबवले की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, दिवसभराचा शीण! तो नव्हे.

स्वीडनचे डॉक्टर कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव त्यांचंच.

मूळ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेत सापडतं. मेंदूत लोह कमी पडलं की डोपामिनचं काम बिघडतं. हिमोग्लोबिन उत्तम असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासायचं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं, तरी आकडा ७५ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या सुचवतात. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांतही हा त्रास बळावतो.

सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधंही तो वाढवतात. ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

तोवर पोटऱ्या ताणाव्या, चोळाव्या, शेकाव्या. संध्याकाळनंतर कॉफी आणि दारू टाळावी.