हापूस आंबा व इंटरनेटवरील विक्री

हापूस पिकविणें आमच्या बागाइतदारांस उत्तम साधलें आहे. विकणें मात्र अद्याप साधलेलें नाहीं. पेटी वाशीस जाते, पट्टी हातीं येते. परंतु आपला माल कोणीं खाल्ला हें कळत नाहीं. इंटरनेटच्या योगानें गिऱ्हाइकाशीं थेट व्यवहार करितां येतो खरा. तथापि नुसतें संकेतस्थळ उघडणें म्हणजे आडवाटेस दुकान मांडणें होय.

कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नांव नोंदवून तें जाहिरातींत दाखवावें. कारण परप्रांतीय आंबाही हापूस म्हणून खपविला जातो. छायाचित्र आपल्याच बागेचें असावें. फळाचें वजन, काढणीचा दिवस व वाहतुकीसह किंमत स्पष्ट लिहावी. जुन्या गिऱ्हाइकांची वही ठेवून, फळ धरतांच त्यांस व्हॉट्सॲपवर कळवावें. जाहिरातीचा खर्च व तीमुळें आलेल्या मागण्या रोज टिपाव्या. म्हणजे कोणती जाहिरात फुकट जाते तें कळेल.

साका बाहेरून दिसत नाहीं. तसें फळ निघाल्यास वाद न घालतां पैसे परत करावे. एका फळाचें नुकसान थोडें. पण गिऱ्हाइकानें लिहिलेला वाईट शेरा शेंकडों लोक वाचतात. पहिल्या वर्षीं चौथाई मालच असा विकावा, बाकीचा नेहमींच्या पेठेंत पाठवावा. पत वाढेल तसा हा व्यापार वाढवावा, असें आमचें बागाइतदार बंधूंस सांगणें आहे.