मॅनिटोबाचा हिवाळा : दोनशे वर्षांचे अंदाज आणि अनुभव

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात गेली दोनशे वर्षे जगभरातून माणसे वस्तीला येत आहेत. प्रत्येक लाटेने हिवाळ्याचा काही एक अंदाज बांधून ठेवला होता आणि बहुतेकांचा अंदाज पहिल्याच मोसमात कोलमडला. या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तिथे जे तगले, त्यांच्यामागे अंगच्या काटकपणाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, आधीपासून राहणाऱ्यांच्या शहाणपणाचा आधार होता.

अंदाज चुकण्याचे मूळ भूगोलात आहे. प्रांताची राजधानी विनिपेग साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे लंडनच्याही दक्षिणेला. नकाशा पाहणाऱ्या युरोपीय माणसाला तिथे आपल्यासारखेच हवामान असेल असे वाटणे स्वाभाविक होते. पण विनिपेग खंडाच्या ऐन मध्यावर आहे. ऊब देणारा समुद्र दूर, पश्चिमेकडची दमट हवा रॉकी पर्वताने अडवलेली आणि उत्तर ध्रुवाकडून येणाऱ्या वाऱ्याला रोखायला एकही डोंगररांग नाही. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याइतके. २४ डिसेंबर १८७९ रोजी तिथे उणे ४७.८ अंशांची नोंद झाली. निफाडचा पारा पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, हे लक्षात घेतले की फरक कळतो.

स्कॉटलंडचे उमराव लॉर्ड सेलकर्क यांच्या वसाहतीच्या योजनेतून आलेली स्कॉटिश आणि आयरिश माणसे १८१२ मध्ये रेड नदीच्या काठी पोहोचली. उन्हाळा सरत आला होता, घरे नव्हती, पीक नव्हते. हिवाळ्यासाठी त्यांना दक्षिणेला पेम्बिना इथे जावे लागले, कारण तिथे रानगव्यांचे कळप होते आणि ते मारून आणणारे शिकारी होते. मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) शिकाऱ्यांनी आणलेले मांस आणि सोल्टो जमातीचे प्रमुख पेग्विस यांचा आधार मिळाला नसता, तर ही वसाहत पहिल्या काही वर्षांतच संपली असती. शेतकरी म्हणून आलेल्या या माणसांना सुरुवातीचे हिवाळे शिकारीच्या अन्नावर काढावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडच्या लोकांचे आहे. विनिपेग सरोवराच्या काठी, आजच्या गिमली गावाजवळ, त्यांची पहिली तुकडी २१ ऑक्टोबर १८७५ रोजी उतरली. उत्तरेकडून आलेल्या माणसांना थंडीचे काय, असे कुणालाही वाटेल. पण आइसलँडला समुद्राची ऊब आहे. तिथल्या रेक्याविकमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या जवळपास असते. ही माणसे पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी, पण गोठलेल्या सरोवरात बर्फाखाली जाळे कसे सोडायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. माशांनी भरलेल्या पाण्याच्या काठावर त्या हिवाळ्यात उपासमार झाली आणि स्कर्व्हीने माणसे दगावली. पुढच्या वर्षी देवीची साथ आली.

त्यांच्या मदतीला आलेल्यांत सँडी बार इथले सोल्टो समाजाचे जॉन रॅमसे होते. त्यांच्या लोकांची जमीन या नवागतांच्या वसाहतीत गेली होती. तरी त्यांनी शिकार आणून दिली आणि वाटा दाखवल्या. देवीच्या त्याच साथीत त्यांच्या पत्नी बेट्सी गेल्या. मॅनिटोबात स्थिरावलेल्या प्रत्येकाने हे ऋण मानले पाहिजे. पुढे हेच आइसलँडचे लोक बर्फाखालच्या मासेमारीत तरबेज झाले आणि सरोवराचा हा व्यवसाय त्यांनी वाढवला.

त्याच सुमारास, १८७४ पासून, दक्षिण रशियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले. त्यांना माळरानाची थंडी ओळखीची होती. झाडे नसलेल्या प्रेअरीवर हिवाळा काढता येणार नाही, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती, कारण जळायला लाकूड नाही. मेनोनाइटांनी घराच्या मध्यभागी विटांची मोठी भट्टी बांधली आणि तीत पेंढा व वाळवलेल्या शेणाच्या विटा जाळल्या. गोवरीवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या गावांना यात नवल वाटणार नाही. उघड्या माळावर टिकून राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

मग आला जाहिरातीचा काळ. क्लिफर्ड सिफ्टन १८९६ ते १९०५ या काळात कॅनडाचे गृहमंत्री होते आणि पश्चिमेत शेतकरी आणून वसवणे हे त्यांचे मोठे काम होते. ठरावीक नाममात्र शुल्क भरून १६० एकर जमीन मिळत असे. युरोपभर वाटलेल्या सरकारी पत्रकांत मात्र 'थंडी' हा शब्द कटाक्षाने टाळलेला असे. हवा तरतरी आणणारी आहे, आरोग्यदायी आहे, असे लिहिले जाई. पूर्व युरोपातून, विशेषतः आजच्या युक्रेनमधून, लाखाहून अधिक माणसे आली. अनेकांनी पहिला हिवाळा जमिनीत खणून वर गवताची ढेपळे रचलेल्या खोपटात काढला. हवा खरोखर तरतरीत होती, पण अर्धे सत्य सांगून माणसाला इतक्या दूर आणणे ही फसवणूकच होती.

विसाव्या शतकात घरे उबदार झाली, तरी हिवाळ्याने आपला अधिकार सोडला नाही. ४ मार्च १९६६ च्या हिमवादळात विनिपेग ठप्प झाले आणि शेकडो माणसांनी शहरातल्या मोठ्या दुकानांत रात्र काढली. १९९७ साली गुढीपाडव्याच्या दोन-तीन दिवस आधी जवळपास अर्धा मीटर बर्फ पडला आणि त्यापाठोपाठ रेड नदीला महापूर आला.

१९६७ मध्ये कॅनडाने गुणांवर आधारित स्थलांतराची पद्धत आणली आणि १९९८ मध्ये मॅनिटोबाने स्वतःची निवड-योजना सुरू केली. त्यानंतर भारतीयांची संख्या वाढत गेली आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली. आपल्या माणसांचा अंदाज साधारण एकाच प्रकारचा असतो. ढगाळ आकाश, सतत पडणारा बर्फ, घराएवढे ढीग. प्रत्यक्षात विनिपेगमध्ये वर्षभरात पडणारा बर्फ माँट्रियलच्या जवळजवळ निम्मा असतो आणि हिवाळ्यात लख्ख ऊन असते. हेच ऊन फसवते. आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब टिकत नाही, म्हणून सर्वांत कडाक्याचे दिवस हेच सर्वांत स्वच्छ दिवस असतात. बर्फ पडतो त्या दिवशी हवा उलट थोडी सौम्य असते. खिडकीतून ऊन पाहून पातळ जाकिटात बाहेर पडणाऱ्याला पाच मिनिटांत चूक कळते. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे ४० पर्यंत गेली, तर उघडी त्वचा पाच ते दहा मिनिटांत हिमदंशाने बधिर होऊ शकते.

आकड्याची धास्ती घेऊन आलेली माणसे पहिल्या जानेवारीत चकित होतात, कारण योग्य कपडे असले तर उणे २५ सोसते. खरी कसोटी हिवाळ्याच्या लांबीची असते. नोव्हेंबरात पडलेला बर्फ मार्चअखेरपर्यंत हलत नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि दाराची कडी धरली की ठिणगी बसते. पाडव्याला गुढी उभारताना दारात बर्फ असतो आणि मन तेव्हाच थकते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तर गोठवणारी थंडी जमिनीत इतकी खोल गेली की हजारो घरांचे पाण्याचे नळ बंद पडले. पाइप गोठू नयेत म्हणून नळाची धार सतत चालू ठेवा, असे विनिपेगच्या पालिकेला लोकांना सांगावे लागले.

या इतिहासात काही नोंदी रक्ताने लिहिलेल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये घानाचे दोन पुरुष अमेरिकेतून पायी सीमा ओलांडून मॅनिटोबातल्या एमर्सन गावाजवळ पोहोचले आणि हिमदंशाने त्यांनी बोटे गमावली. १९ जानेवारी २०२२ रोजी त्याच भागात गुजरातमधले आई, वडील आणि दोन मुले सीमेपासून काही पावलांवर गोठून मरण पावलेली सापडली. धाकटे मूल तीन वर्षांचे होते. माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांनी त्यांना हिमवादळात उघड्या शेतात चालायला लावले होते. हे मरण नुसते थंडीचे नव्हते, ते खोट्या आश्वासनांचेही होते.

आता तर जुन्यांचाही अंदाज चुकू लागला आहे. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की विनिपेगच्या गोठलेल्या नदीवरची स्केटिंगची वाट नेहमीच्या मानाने फारच थोडे दिवस खुली राहिली. उत्तरेकडील अनेक आदिवासी वस्त्यांना इंधन आणि सामान नेणारे बर्फाचे रस्ते वेळेवर तयार झाले नाहीत. थंडी कमी झाली की सगळ्यांचेच भले होते, हा अंदाजही चुकीचा ठरला आहे. थंडीवरच ज्यांचा रस्ता उभा आहे, त्यांचे तिच्याविना हाल होतात.

म्हणून मॅनिटोबात जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीने सांगावेसे वाटते. इथून जाड स्वेटरांनी बॅगा भरू नका. आतून थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारे जाकीट आणि चांगले बूट असे थर तिथे गेल्यावर, माहीतगाराला बरोबर घेऊन विकत घ्या. त्या पैशांची तजवीज मात्र निघण्यापूर्वी करा. थंडी काहीच नसते, असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका. आणि तिथे स्थिरावलेल्या आपल्या मंडळींनी पहिल्या ऑक्टोबरातच नव्या माणसाला हाक मारावी, दुकानात न्यावे, फेब्रुवारीत जेवायला बोलवावे. पेग्विस आणि रॅमसे यांनी परक्यांसाठी केले, ते आपण आपल्या माणसांसाठी तरी करायलाच हवे.