बांधीतला पंचनामा

सकाळचे आठ वाजताहेत. मूल तालुक्यातलं, ताडोबाच्या बफरमधलं गाव. धान कापणीला आलंय आणि आम्ही धुऱ्यावर उभे आहोत. समोरच्या बांधीत रात्री रानडुकरं शिरली होती. मधलं सगळं धान चिखलात लोळलंय, कडेचं तेवढं उभं आहे.

वनरक्षक मॅडम चपला काढून खाली उतरतात. खुराच्या ठशाशेजारी पेन ठेवून मोबाईलवर फोटो घेतात. ज्यांची ही बांधी, ते काका वाकून काहीतरी उचलतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. चावून थुंकलेला धानाचा चोथा, अजून ओला. "चितळ वरचं लोंब खुडते जी. हे चावते, थुकते, अन् उरलेलं लोळून घालवते. रातभर जागल केली. पहाटे डोळा लागला, तेवढ्यात घुसले."

तलाठी आणि कृषी सहायक क्षेत्राचा अंदाज बांधताहेत. काका वेळेत धावले म्हणून बरं, कारण तक्रार तीन दिवसांत द्यावी लागते. 2015मध्ये ठरलेल्या दरांत 2 हजारांपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळायचं, पुढे 10 हजारांपर्यंत वरच्या रकमेच्या निम्मं आणि त्याहीपुढे फक्त 30 टक्के. म्हणजे ज्याचं जास्त गेलं, त्याच्या पदरात त्या मानाने कमीच. आणि जागलीच्या रात्रींचा रकाना पंचनाम्यात नाहीच. मचाणावर, वाघाच्या मुलखात, हातात एक बॅटरी घेऊन काढलेल्या त्या रात्री!

शेजारच्या शेताला तारेचं कुंपण आहे. छोटं सौर पॅनल, खाली डबा, त्यातून टकटक आवाज. गावात याला झटका मशीन म्हणतात. जनावराला क्षणभर झटका बसतो, जीव जात नाही. 2015च्या श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून बफरमधल्या शेतकऱ्याला यासाठी अनुदान मिळतं. हा खर्च मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कारण हताश झालेला माणूस थेट विजेच्या लाइनवरून तार ओढतो आणि त्या तारेला डुकराआधी वाघ चिकटतो, कधी शेजारचा माणूसही. या जिल्ह्याने दोन्ही मरणं पाहिली आहेत.

पण कुंपणाने काकांचं धान वाचेल, तेव्हा कळप पुढच्या बांधीत जाईल. ज्या डुकरांवर नि चितळांवर ताडोबाचा वाघ जगतो, त्यांतली कितीतरी याच धानावर पोसली जातात. वाघ पाहायला देशभरातून लोक पैसे मोजून येतात. मग त्याच्या भक्ष्याला चारा पुरवणाऱ्या बफरमधल्या शेतकऱ्याला, नुकसान होवो न होवो, एकरी ठरावीक रक्कम दरवर्षी मिळायला हवी. तो त्याचा हक्क आहे. पंचनाम्याची वाट पाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

"काका, कुंपणाचा अर्ज केला का?" मॅडम विचारतात.

"कराचा आहे जी. पण सातबारा बापाच्याच नावानं आहे."

बाप जाऊन बरीच वर्षं झाली. वारस चार. फेरफार कधी झालाच नाही. तलाठी मान हलवतात, आधी वारसांची नोंद करा म्हणतात, भावांची संमतीपत्रं लागतील म्हणून सांगतात. धाकटा हैदराबादला बांधकामावर आहे, दिवाळीला येईल तेव्हा सही देईल.

"तवर कापून घेतो," काका म्हणतात आणि पंचनाम्यावर सही करून विळ्याला धार लावायला बसतात.