बिब्बा उतला तर? आधी साबण, मग खोबरेल
आपल्या बीडकडं पायात काटा मोडला की आजी बिब्ब्याचा चटका देते. पण ते तेल कातडीला लागलं की बिब्बा उततो: खाज, आग, फोड. अमेरिकेतलं पॉयझन आयव्ही आणि बिब्बा, दोन्ही आंब्याच्याच कुळातले. तेलही एकाच जातीचं.

हे तेल काही मिनिटांत कातडीत मुरतं, पुरळ मात्र एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून ‘बघू पुढं’ करू नका. लगेच साबण लावून वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुवा, नखं, कपडेसुद्धा. खोबरेल धुतल्यावरच लावा, आधी चोळलं तर बिब्बा पसरतो. फोड फोडू नका. तोंड सुजलं किंवा डोळ्यात गेलं, तर थेट दवाखाना गाठा.