समजून घ्या : वेल हिरवागार, पण जमिनीत रताळं नाही, कंद नेमका ठरतो कधी?

थंडी पडली की रोह्यापासून पेण-अलिबागपर्यंत पोपटीची मडकी लागतात. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि सोबतीला बटाटे, रताळी. रोहे शहराला लागून असलेल्या वरसे परिसरातही थंडीत हाच बेत. मडक्यातून निघालेले बटाटा आणि रताळं हे दोन्ही आपण कंद म्हणून खातो. प्रत्यक्षात त्यातलं एक खोड आहे, दुसरं मूळ. हा फरक फक्त पाठ्यपुस्तकातला नाही. परसात रताळ्याचे वेल लावायचे, चार महिने वाट बघायची आणि शेवटी पेन्सिलीएवढी मुळं हाती यायची, या नुकसानाचं कारण त्या फरकातच आहे.

बटाट्याला 'डोळे' का असतात?

कारण ते डोळे म्हणजे कोंब आहेत, आणि कोंब खोडालाच येतात. बटाट्याच्या झाडाला जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात. ठरावीक वेळी अशा फांदीची लांबी वाढणं थांबतं, टोकामागच्या पेशी वेगळ्या दिशेने विभागू लागतात आणि तो भाग फुगतो. मुळात खोडच असल्यामुळे उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो. त्या हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं, म्हणून लागवडीत बटाट्याला मातीची भर देतात आणि हिरवा भाग खायचा नसतो.

फुगण्याचा आदेश मात्र जमिनीतून येत नाही, तो पानांकडून येतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी बटाट्याच्या बुंध्यावर तंबाखूचं कलम केलं होतं. वरची तंबाखू फुलायला लागली, तेव्हा खाली बटाटे धरले. १९८१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये 'नेचर' नियतकालिकातल्या संशोधनाने या आदेशामागचं एक प्रथिन दाखवून दिलं. झाडाला 'आता फुलं धर' असं सांगणाऱ्या प्रथिनाचंच ते भावंड निघालं.

उष्णतेत हा आदेश क्षीण होतो. रात्रीचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं, तर साधारणपणे पाला जोमात वाढतो आणि बटाटे कमी धरतात. बटाटा मंचर किंवा साताऱ्याकडच्या माळावर रमतो, कोकणातल्या दमट, उबदार रात्रींत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. रात्री अशाच तापत गेल्या तर इतर भागांतल्या बटाट्यालाही हीच अडचण येणार.

रताळ्याचा निकाल दीड महिन्यात

रताळ्याला खोडाचा आधार नाही. वेलाचा तुकडा सरीच्या वरंब्यात खोचला की मातीतल्या पेरांना मुळं फुटतात. सुरुवातीला ही सगळी मुळं सारखीच दिसतात. नंतर त्यांचे रस्ते वेगळे होतात. काहींचा गाभा लवकर लाकडासारखा कडक होतो. ती मुळं पाणी-अन्न शोषत राहतात, पण पुन्हा कधीच फुगत नाहीत. काहींमध्ये नव्या पेशी तयार करणारा थर आतून कामाला लागतो. एकाच थरावर न थांबता, पाणी वाहणाऱ्या नळ्यांभोवती असे आणखी छोटे थर तयार होतात आणि मूळ आतून भरत जातं. तेच आपलं रताळं.

हा निकाल बहुतेक वेळा लावणीनंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत लागतो. त्या काळात माती घट्ट असेल, पाणी साचून मुळांना हवा मिळत नसेल किंवा युरियाचा डोस जास्त झाला असेल, तर मुळं कडक होण्याकडे झुकतात आणि सगळा जोर पाल्यात जातो. तिसऱ्या महिन्यात खत घालून हे उलटवता येत नाही. भातखाचरात रताळी लावताना उंच वरंबे आणि पाण्याचा निचरा यांवर भर देतात तो यासाठीच. पसरलेले वेल अधूनमधून उचलून फिरवायची जुनी पद्धतही इथेच उपयोगी पडते. वेल जिथे टेकेल तिथे पेरातून नवी मुळं सुटतात आणि पानांतली साखर त्यांच्यात विभागली जाते.

साखर म्हणजे साखरच. पानांत बनलेलं अन्न साखरेच्या रूपात खाली येतं आणि रताळ्यात पोहोचलं की बरंचसं पिठूळ होतं. इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला ही युक्ती फार आवडते: साखर पाणी ओढून घेते, पिठाचे कण तसं फारसं करत नाहीत. एवढा साठा विरघळलेल्या साखरेतच ठेवला असता तर पेशींवर पाण्याचा प्रचंड दाब आला असता. पोपटीत मात्र हे सगळं उलट फिरतं. मंद आचेवर ६० ते ७५ अंशांच्या आसपास रताळ्यातलं एक विकर पिठाची पुन्हा साखर करतं. म्हणून हळूहळू भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं.

जाता जाता आणखी एक गंमत. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, पण कॅरिबियन बेटांवरून निघालेला हा शब्द मुळात रताळ्याचा होता. रताळ्याच्या शास्त्रीय नावात, 'आयपोमिया बटाटस'मध्ये, तो अजूनही आहे.

मग कणगर, करांदे, सुरण?

कणगर आणि कोनफळ या दोन्ही गटांत नीट बसत नाहीत. त्यांचा कंद वेलाच्या बुडाशी, खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर तयार होतो. त्यावर बटाट्यासारखे डोळे नसतात, तरी तुकडा लावला की त्याला नवा कोंब फुटू शकतो. दिवस लहान होऊ लागले की हे कंद भरायला लागतात, त्यामुळे काढणी थंडीत येते. करांद्याला तर जमिनीचीही गरज नाही. पानाच्या बगलेत, वेलावरच लटकणारे कंद धरतात.

सुरणाचा गड्डा हे पुन्हा खोड. दरवर्षी जुना गड्डा नव्या पानाला वाढवताना रिता होत जातो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो. घशाला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्यात असतात, म्हणून शिजवताना चिंच किंवा आमसूल घालतात.

रानातले काही करांदे कडू आणि विषारी असतात. ते काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्याची पद्धत आदिवासी वाड्यांवर आहे; ओळख नसताना घरी प्रयोग करू नये. रानातला कंद खणताना वेलाला जोडलेला वरचा तुकडा मातीत परत पुरला, तर पुढच्या पावसात तिथूनच कोंब येऊ शकतो. पूर्ण कंद उपटून नेला की त्या जागी बहुतेकदा काहीच उरत नाही.